सत्काराचे हार

भीमा वाचवा म्हणत सत्यजीत एकटाच होडी वल्हवत निघाला होता. गावोगावच्या पुढाऱ्यांनी त्याला हार घातले, फोटो काढले आणि गटारं नदीत तशीच सोडून ठेवली. असल्या मोहिमांपायी तीन वर्षं घरी जायला सवड नव्हती. सत्काराचे हार तेवढे तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती आईकडे धाडायचा.

दौंडच्या अलीकडे, त्याच्या गावच्या घाटावर चिटपाखरू नव्हतं. फक्त आई उभी होती, हातात फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी. भाकरी आणली असणार, म्हणून त्यानं भराभरा वल्हं मारलं.

"आई, मी येणार हे तुला कसं कळलं?"

"मला कोण सांगतंय, बाबा?" म्हणत तिनं पिशवी नदीत सोडली.

त्यानं वल्ह्यानं पिशवी अडवली.

"तुझंच हार हायेत. देवापुढं ठिवलं व्हतं, उकिरड्यावर कसं टाकू?"