मीनावहिनींचे विचार

"पाण्याचं लिहा. पाण्याच्या प्रश्नावर उमेदवार अत्यंत गंभीर आहेत," दिनेशभाऊ म्हणाला आणि त्याने पान तोंडात सारलं.

"उमेदवार म्हणजे वहिनीच ना?" शेखरने विचारलं.

"मग काय मी? वॉर्ड महिला राखीव झालाय ना यंदा."

शेखर नाशिकच्या एका सांजदैनिकाचा बातमीदार. महापालिकेच्या प्रत्येक उमेदवाराला स्थानिक प्रश्नांवर मत विचारायचं आणि चार ओळी छापायच्या, हे काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. सातपूरच्या अंगाला असलेल्या या वॉर्डात त्याने खेपा घातल्या, पण मीनावहिनींना भेटायला जावं तर दरवेळी दिनेशभाऊच भेटायचा.

वॉर्डात पाण्याची बोंब आणि दिनेशभाऊकडे पाण्याचे टँकर. देवानेच जोडी जमवली होती. खुर्ची घरात आली तर टँकर चालणार, नाही आली तर अंगणात गंजणार, एवढंच त्याचं राजकारण. त्यासाठी बायकोचे हात जोडलेले फोटो भिंतीभिंतीवर चिकटले होते. हात जोडायला तिला विचारलं होतं का, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

"गटारी?" शेखरने पुढे विचारलं.

"गंभीर."

"कचरा?"

"तोही."

"मोकाट कुत्री?"

दिनेशभाऊने जरा विचार केला. "कुत्र्यांबाबत त्यांचं धोरण सर्वसमावेशक आहे."

शेखरने निमूट लिहून घेतलं. दोघे मांडवाबाहेर खुर्च्या टाकून बसले होते. कनातीपलीकडे मीनावहिनींचं हळदीकुंकू चाललं होतं. संक्रांतीचे दिवस, त्यात निवडणूक. वाण म्हणून स्टीलचा डबा. अख्खा वॉर्ड लोटला होता.

"कुसाबाईंचं काय म्हणणं आहे प्रश्नांवर?" शेखरने विरोधी उमेदवाराचं नाव काढलं.

"तिला कसलं म्हणणं?" दिनेशभाऊ फिसकन हसला. "हरसूलकडून आली, बांधकामावर घमेली वाहिली, नवरा गेला, आता चालली नगरसेवक व्हायला. सगळ्या बायका आज माझ्या मांडवात. ती कुठं बोलणार? विधवेला हळदीकुंकवाला कोण बोलावतंय?"

एकच पंचाईत होती. हळदीकुंकवात पुरुषाला जागा नाही, त्यामुळे वहिनींना आज एकटीनेच बोलावं लागणार होतं. पण दिनेशभाऊने तयारी करून घेतली होती. वहिनी देवळाली कॅम्पच्या, शाळा शिकलेल्या. 'शुद्ध बोलत बसू नकोस, वस्तीतल्या बायांसारखं बोल, आपली वाटली पाहिजेस,' असं त्याने बजावलं होतं. वहिनींनी मान डोलावली होती. त्या नेहमी मानच डोलवायच्या.

भोंगा खरखरला.

"बायांनो, वाण भेटलं ना समद्यांना? मंग आता ऐका."

"बघा!" दिनेशभाऊने मांडीवर थाप मारली. "घरात दोनाचा तिसरा शब्द काढत नाही. ही माझी शिकवणी!"

"वहिनींचा आवाज खणखणीत आहे," शेखर म्हणाला.

"असणारच. इतकी वर्षं ऐकतोय मी."

"आपल्या गल्लीत पाइप हाय," भोंगा बोलत होता. "मंग पाइपाला पाणी का नाय? टँकर आला की लेकरू शाळा सोडून बादली धरून उभं ऱ्हातं. टँकरची भीक नको. आपल्याला नळ पायजे, नळ!"

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. दिनेशभाऊ चपापला होता, पण टाळ्या ऐकून सावरला. मतांचा वास आला की त्याचं बाकी सगळं ज्ञान बंद पडे.

"टँकर बंद करा, हे उमेदवाराचं मत समजू?" शेखरने विचारलं.

"लिहा. टँकर बंद, घरोघरी नळ. मुद्दा माझाच आहे."

"तुमच्या नावाने छापू?"

"छापा की. फोटोसकट!" निवडून आल्यावर जुना पेपर कोण वाचतंय, असा त्याचा हिशेब.

"आन् त्या पाइपाचा व्हॉल्व कोण बंद करतं, सांगू का?" भोंग्याने आवाज चढवला. "ज्याचे टँकर, तोच! म्या डोळ्यानं पाह्यलंय. त्याच्या घरात मत घालणार का गं?"

"नाय!" मांडव गरजला.

शेखरची पेन्सिल थांबली. दिनेशभाऊच्या तोंडातलं पान शर्टावर सांडलं.

"डोकं फिरलं हिचं! मीने, माईक ठेव खाली!" ओरडत तो कनातीकडे धावला. दारात स्वागताला गल्लीतल्या लताबाई गुलाबदाणी घेऊन उभ्या होत्या. ज्या दिनेशभाऊला वॉर्डात कुणी अडवत नसे, त्याच्या तोंडावर त्यांनी गुलाबपाण्याचा फवारा मारला.

"भाऊ, बायांचा कार्यक्रम हाय. मागं सरा."

आपणच पैसे मोजून उभारलेल्या मांडवाबाहेर तो ओल्या तोंडाने उभा राहिला. आतल्या बायका फिदीफिदी हसत होत्या.

"घरी येऊ दे," तो दात खात शेखरला म्हणाला. "जन्मात बोलली नाही, आणि बोलली ती नवऱ्यावरच उलटली. घरी येऊ दे तिला, मग दाखवतो."

भोंगा आता गटारींवर घसरला होता.

"घ्या भाऊ, तिळगूळ घ्या."

स्वयंपाकाच्या छपराकडून मीनावहिनी ताट घेऊन आल्या होत्या. त्यांनी आधी शेखरच्या हातावर लाडू ठेवला, मग नवऱ्याच्या.

"कुसाबाईंना मीच कुंकू लावून आत घेतलं," त्या म्हणाल्या. "बायका त्यांना माईक सोडूच देत नाहीयेत."