पाठीमागचा टायमर

संसारात पाटी कोरी झाली होती, म्हणून तिने अपूर्णांकांपासून आणि वाक्यरचनेपासून पुन्हा सुरुवात केली. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा उद्यावर आली होती. नवरा मदतीला होता. सराव घेताना तो तिला मनगटावरचं घड्याळ काढायला लावायचा, कपाटाकडे तोंड करून बसवायचा आणि पाठीमागे स्वतः टायमर लावायचा. घंटी वाजण्याआधीच पेपर संपायचा. “निवड झाली की परगावी जाशील, आम्हाला विसरशील,” तो हसत म्हणायचा. आज तिने कपाटाची काच पुसली होती. गणितात अडून तिने मान वर केली, तर काचेत तो दिसला. वाजायला आलेला टायमर अलगद मागे फिरवून त्याने मिनिटं वाढवली. तिने मान पुन्हा पेपरात घातली. यथावकाश घंटी वाजली. “बघ, पुरला ना वेळ?” त्याने खांद्यावर हात ठेवला. “उद्या मीच पोचवतो तुला. वेळेची काळजी माझ्यावर सोड.”