मुदत

दार राजदूतांनी स्वतःच उघडलं. वकिलातीतली नोकरमाणसं सकाळीच निघून गेली होती आणि फाटकाबाहेरच्या जमावाच्या घोषणा थेट दिवाणखान्यापर्यंत येत होत्या. परराष्ट्रमंत्री बाई, ज्यांना मंत्रिमंडळात सगळेच ताई म्हणत, खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"एकच विचारायला आलेय. आमची गस्तीची बोट तुमच्या आरमारानं बुडवली का? एकोणीस पोरं होती तिच्यावर."

"माहीत नाही."

"मला खरं उत्तर हवंय."

"हेच खरं आहे, बाई. सकाळपासून आमच्या राजधानीला फोन लावतोय. कोणी उचलतच नाही." राजदूत एकदम म्हातारे दिसू लागले. "इतकी वर्षं तुमच्या देशात काढली. धाकटी मुलगी तर इथंच जन्मली. आणि आज खोटं बोलायचं म्हटलं, तर काय बोलायचं तेही मला कोणी सांगत नाही."

ताई उठल्या.

गाडीत बसल्यावर त्या विचार करू लागल्या. तिकडं फोन उचलत नाहीत, म्हणजे एक तर गोंधळ माजलाय, नाही तर हल्ल्याची तयारी चाललीय. मंत्रिमंडळ यातला कोणता अर्थ काढणार, हे त्यांना ठाऊक होतं. खरा कोणता, हे मात्र ठाऊक नव्हतं. पोचेपर्यंत हातातल्या रुमालाचा पार बोळा झाला.

बैठकीच्या खोलीत कोणी धड बसलेलं नव्हतं. संरक्षणमंत्री खिडकी ते दार येरझाऱ्या घालत होते. युद्ध पुकारण्याचा ठराव पंतप्रधानांपुढे तयार होता. सही तेवढी बाकी.

"काय म्हणाला तो?" पंतप्रधानांनी विचारलं.

ताई आधी पाणी प्यायल्या.

"दोन दिवसांची मुदत मागितलीय त्यांनी. बोटीची चौकशी करून उत्तर देतो म्हणाले."

एकच कालवा झाला. "निव्वळ वेळकाढूपणा!" संरक्षणमंत्री ओरडले. "ताई, या दोन दिवसांत त्यांनीच आपल्यावर हल्ला केला तर?"

"तर खुशाल माझ्या नावानं खडे फोडा." ताईंचा आवाज चिरकला. तो त्यांनी सावरला. "पण समोरचा मुदत मागतोय आणि आपण तोफा डागल्या, असं झालं तर उद्या आपल्या बाजूनं बोलायला कोणी उरणार नाही."

पंतप्रधान बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. मग त्यांनी ठराव पालथा घातला.

"ठीक आहे. पण राजदूताकडून लेखी घ्या. आत्ताच्या आत्ता."

ताई शेजारच्या खोलीत गेल्या. आतून कडी लावली. नंबर दोनदा चुकला.

"राजदूतसाहेब, मघाशी तुम्ही माझ्याकडं दोन दिवसांची मुदत मागितलीत."

पलीकडून नुसत्या घोषणा ऐकू येत होत्या. मग खळ्ळकन काच फुटली, कोणीतरी किंचाळलं. "काही नाही, काही नाही. तू मुलीला घेऊन आतल्या खोलीत जा," राजदूत घरात कोणाला तरी म्हणाले.

"फाटकावर आणखी पोलीस पाठवतेय," ताई घाईनं म्हणाल्या. "मी काय म्हणाले, ते ऐकलंत ना?"

"ऐकलं." त्यांचा श्वास फोनमध्ये मोठा वाटत होता. "सरकारला न विचारता अशी मुदत मागितली, तर परत गेल्यावर माझं काय होईल, याची कल्पना आहे तुम्हाला?"

"आहे. आणि तुम्ही ती मागितलीच नव्हती, हे इथं कळलं तर माझं काय होईल, याचीही आहे."

दाराबाहेर पावलं वाजली आणि थांबली. ताईंनी आवाज आणखी खाली आणला. "साहेब, लेखी लागेल."

"हो. मागितली मी," राजदूत सावकाश म्हणाले. "पाठवतो लेखी."

त्या फोन ठेवणार, एवढ्यात ते पुन्हा बोलले.

"पण बाई, मागायचीच होती, तर मी निदान आठवडा तरी का नाही मागितला?"

"आठवड्याचा मला धीर झाला नाही," ताई म्हणाल्या.