अकरा सुटे भाग

सगळे विभाग वापरायचे त्या एका सॉफ्टवेअर पॅकेजमध्ये प्रोग्रामरने कुठेही बोट लावलं, की कंपनीतल्या प्रत्येक विभागाचं काहीतरी बंद पडायचं. हजेरी विभागातले काका तर दर वेळी त्याच्या टेबलाशी येऊन तणतणायचे, "अरे, मला त्यातल्या फक्त तारखा लागतात. तुझ्या बाकीच्या उचापतींचा ताप मला कशाला?"

शेवटी तीन महिने मान मोडून काम करून त्याने पॅकेजचे अकरा सुटे भाग केले. ज्याला जे लागेल, तेवढंच त्याने घ्यावं.

"अकरातून आपलं शोधत कोण बसणार?" अशी ओरड सुरू झाली, तेव्हा वैतागून त्याने पाच मिनिटांत बारावं पॅकेज बनवलं. ते घेतलं की अकराही भाग एकदम यायचे.

सगळ्यात आधी ते घेतलं काकांनी. त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "इतकं सोपं होतं, तर तीन महिने काय करत होतास?"