निळ्याच्या आकारातला हिरवा

वरच्या ऑफिसवाल्यांनो, डोळे असून आंधळे आहात तुम्ही. तांब्याच्या खाणीतून जे निघेल ते क्रशरच्या घशात, हा नियम तुमचाच. त्या घशात आजवर काय काय गेलं, हे बघायला तुमच्यातला एक तरी माईचा लाल खाली उतरला का?

त्या दिवशी वहिनीने दोरी ओढली.

क्रशरकडे दगड नेणाऱ्या पट्ट्याच्या कडेची ही दोरी ओढली की पट्टा जागच्या जागी थांबतो, आणि जिने ओढली तिने सोडवल्याशिवाय तो कुणाच्या बापाला चालू करता येत नाही. वहिनीचं काम दगडांतून लाकूड-लोखंड वेचून काढायचं. आज तिने दगडच उचलला.

"वहिनी, हात अडकला का गं?" पलीकडून नणंद ओरडली.

"हात नाही, जीव अडकला. इकडे ये."

तळहाताएवढा खडा. त्यावर स्फटिकांची उभी पाती, एकमेकांना खेटून, आत्ताच धार लावल्यासारखी. अंग गर्द हिरवं, मखमली. एका पात्याच्या मुळाशी तेवढा निळा ठिपका.

मुकादम शिव्या घालतच आला. खडा बघितला आणि पुढची शिवी तोंडातच राहिली. "आयला," एवढंच म्हणाला आणि वाकून बघत बसला.

नमुने तपासणाऱ्या मॅडमना हाक गेली. त्या धावत आल्या, पण खड्याला हात लावेनात.

"हा जन्माने निळा," त्या हळूच म्हणाल्या. "हिरवं सहसा असं वाढतच नाही. पाणी झिरपत राहिलं. निळा कण विरघळला की त्याच जागी हिरवा बसला. तांबं दोघांतही आहे, पण खनिज वेगळं. सगळं अंग बदललं, आणि कड बघा. एक कड मोडलेली नाही."

"म्हणजे आमच्या वहिनीसारखंच," नणंद म्हणाली. "आईच्या जागी येऊन बसली, आता खेकसतेसुद्धा आईसारखी."

"आणि तू हा उरलेला निळा ठिपका. जाता जात नाहीस."

मुकादमसुद्धा हसला. "किती वर्षं लागली असतील हो मॅडम?"

"मोजायला कोण बसलं होतं?"

भिंतीवरचा फोन वाजला. मुकादम ताठ झाला. "हो साहेब... दगडच आहे साहेब... सांगतो." त्याने फोनवर हात ठेवला. "वहिनी, टाका म्हणतात क्रशरमध्ये. पट्टा लगेच चालू झाला नाही, तर उद्यापासून येऊ नका."

नणंदेचं हसू मावळलं. "टाक गं. आपल्या दोघींवर घर आहे."

वहिनीने खडा मॅडमच्या ओंजळीत ठेवला, हात पदराला पुसले आणि फोन घेतला.

"साहेब, दोरी मीच ओढली. चुकले असेन तर खाली या, हा खडा नीट बघा आणि तुमच्या हाताने टाका. मी आडवी येणार नाही. पण आधी एक सांगा. भरडून, वितळवून यातून निघणार काय? वीतभर तांब्याची तार. तेवढ्यासाठी?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी विचारलंय, साहेब. बोला की!"