खडकावरचा कारकून

"खाली बघू नको," पंढरी म्हणाला, आणि विरूपाक्षनं नेमकं खालीच बघितलं.

झालं! चढताना खडकाकडं तोंड होतं, तेव्हा काही वाटलं नव्हतं. चाळीस हात खाली बाभळी दिसत होत्या आणि तो उभा होता ती कपार जेमतेम एका बाजेएवढी.

"म्या उतरून दाखवतो. माझा पाय पडंल तिथंच तुझा टाक," असं म्हणून पंढरी सरासरा खाली उतरला. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण उतरला शेळीसारखा. विरूपाक्षनंही एक पाय खाली सोडला. विजार टरकन फाटली, तसा तो परत कपारीवर चढून बसला. तो बसलाच.

"मला न्हाई जमत, पंढरी."

"जमतंय रे."

"न्हाई म्हटलं की न्हाई!"

दोघं एकेकाळी नांदेडच्या कॉलेजात एका खोलीत राहिलेले. पंढरी शिक्षण सोडून गावी परतला, विरूपाक्ष सरकारी नोकरीत चिकटला. लातूरचा नवा जिल्हा झाला आणि कलेक्टर कचेरीतलं टंचाईचं टेबल त्याच्या गळ्यात पडलं. त्यात दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. दिवसभर टँकरच्या अर्जांवर शेरे मारायचे. हा कागद जुन्या जिल्ह्यात राहिला, तो नव्यात आलाच नाही, नकाशा जोडा, पंचनामा जोडा. लोकांच्या शिव्या ऐकून ऐकून त्याला स्वतःच्या सहीचाही वीट आला होता. पंढरीच्या गावचा अर्जही चार महिने त्याच ढिगात पडून होता, पण गड्यानं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. त्याचं पत्र आलं ते एवढंच, "लई थकलास. एक दिवस ये. खडकावर चढू, पहिल्यासारखं."

म्हणून शनिवारी आजारपणाची रजा टाकून विरूपाक्ष आला होता. आणि आता हे!

"कुणाचा तरी दोर आण," तो वरून ओरडला.

"दोरानं उतरशील? साधा पाय टाकवंना तुला. शाळेतल्या मास्तरला फाट्यावर फोन करायला धाडतो. शहरातनं आगीची गाडी येईल शिडी घेऊन."

"आगीची गाडी? येडा झालास का! गावभर बोभाटा होईल."

"मग राहतो का वर?"

"बरं, पण माझं नाव सांगू नको. पाया पडतो तुझ्या. कचेरीत मी तापानं फणफणलोय."

पंढरी म्हणाला, "नाव न्हाई सांगितलं तर कोण येतंय, विरू?" आणि निघता निघता बजावून गेला, "डावीकडं सरकू नको. तिकडले दगड सुटलेत."

ऊन चढलं. खडक तव्यासारखा तापला. विरूपाक्ष अंग चोरून बसला आणि सोमवारचा विचार करू लागला. साहेब विचारणार, काय हो, ताप खडकावर बसून उतरतो का? खोट्या रजेपायी निलंबन झालं तर? अठरा वर्षांची नोकरी, एक डाग नाही, आणि जायची ती अशी, फाटक्या विजारीत! घरी महानंदाला काय सांगायचं? शिव शिव!

खाली माणसं जमायला लागली. म्हातारेकोतारे आले. पाण्याला निघालेल्या बाया घागरी, कळशा, डबे घेऊन वाटेतच थांबल्या. कुणी हसत नव्हतं. हसल्या असत्या तरी बरं वाटलं असतं, नुसत्याच उभ्या होत्या.

दीड तासात लाल गाडी घंटा वाजवत हजर! कलेक्टर कचेरीचा माणूस अडकलाय म्हटल्यावर कोण उशीर करतोय? खडकाखालच्या चढावर मात्र तिची चाकं घसरायला लागली. ड्रायव्हर उतरला. पंढरी हातवारे करून त्याला काहीतरी समजावत होता. "ओझं लई हाय," एवढंच वर ऐकू आलं. आपल्या पोटाबद्दलच चाललंय, हे विरूपाक्षनं ओळखलं आणि तो शरमेनं अर्धा झाला.

गाडी मागं सरकून बाभळींच्या आड गेली. तिच्यामागं सगळं गावही गेलं.

अर्धा तास गेला. शिडी नाही, माणूस नाही.

"अरे, मी इथं मरून राहिलोय! शिडी लावा की!"

कुणी ओ दिली नाही. तेव्हा मात्र त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. अब्रू तर गेलीच होती, आता ज्याच्या भरवशावर आलो तो मित्रही टाकून गेला. तो डोकं गुडघ्यांत घालून बसून राहिला.

डावीकडं कुणीतरी खाकरलं.

त्यानं दचकून वर बघितलं. कपारीच्या वळणावर पंढरीची आई, सत्तरीची चांगुणाबाई, काठी टेकून उभी होती.

"मावशी, मागं फिरा! तिकडले दगड सुटलेत! तुम्ही आलात तरी कशा?"

"दगड कशानं सुटतेत? समद्यांच्या घागरी भरल्या, बाबा, गाडी रिकामी झाली," चांगुणाबाई म्हणाली. "ऊठ आता. ह्या वळणामागं वाट हाय, बैलगाडी आणून उभी केलीय तुझ्यासाठी."