किटलीवरचा ठिपका

कारखान्यातल्या किटल्यांचे फोटो काढायचे असले की फोटोवाले आधी त्यांच्यावर पावडर फासायचे आणि पॉलिशवाल्याच्या काळजाला घरं पडायची. दिवसभर घासून आणलेली चमक त्यांना नेमकी नडायची. आज कॅमेरा घेऊन त्याचीच लेक आली होती. “पावडर मार गं, नाहीतर सगळी खोली किटलीत दिसेल,” मालक म्हणाले. लेकीने पावडरचा डबा बाजूला सारला, किटलीभोवती पांढऱ्या कापडाचा तंबू उभारला, दिवे बाहेरून लावले आणि कापडाच्या भोकातून फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर किटली अशी झळकली की मालक चष्मा लावून वाकून बघू लागले. पॉलिशवाला मात्र दचकला. “हा काळा ठिपका कसला? माझ्या हातून डाग राहत नाही!” “डाग नाही, बाबा. भोकातली माझी लेन्स किटलीत दिसतेय. पुसते.” “मालकांच्या फोटोतून पूस,” तो ताठ मानेने म्हणाला. “मला ठिपक्यासकट हवा.”